जरा मागे सरका

जगात इतरत्र फोटो काढणारा समोरच्यांना ‘जरा मागे सरका’ म्हणतो, ते सगळे चौकटीत मावावेत म्हणून. आमच्या सावरगावात लोकच फोटो काढणाऱ्याला ‘मांगं सरका ना भाऊ’ म्हणतात, ते त्याचं डोकं शाबूत राहावं म्हणून. पोळ्याचा दुसरा दिवस असतो. नागपुरात या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते, लेकरं तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल ओढत फिरतात. इकडे जाम नदीच्या एका काठावर आम्ही सावरगावकर, दुसऱ्या काठावर पांढुर्णेकर, मधे पात्रात रोवलेला पळस, पळसावर झेंडा आणि हवेत दगड. ही गोटमार. पांढुर्ण्याचा पोरगा सावरगावची पोरगी घेऊन नदी ओलांडत होता, दोन्ही काठांवरून दगड सुरू झाले, ते अजून सुरू आहेत, असं सांगतात. पांढुर्णेकरांनी पळस तोडून झेंडा चंडीमातेच्या देवळात नेला की त्या वर्षीपुरतं भांडण मिटतं. प्रशासनाने मधे दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. ते काही रुजले नाहीत. दगड नदीत फुकट मिळतात.

माणसं जखमी होतात, कधी जीवही जातो. त्यात विनोद शोधायला मी बसलेलो नाही. माझा विषय काठावरच्या तिसऱ्या पक्षाचा आहे. हा पक्ष सावरगावचाही नाही आणि पांढुर्ण्याचाही नाही. तो कॅमेऱ्यांचा. नागपूर, छिंदवाडा, भोपाळ, कुठून कुठून येतो आणि नदीकाठच्या गच्च्या धरून बसतो. आमची गच्ची त्यांच्या आवडीची आहे, कारण तिथून नदी दिसते आणि तिथे चहा मिळतो. त्यामुळे फोटोग्राफीचे अवघड शब्द आमच्या गल्लीला पुस्तकाआधी गच्चीवरच कळले. पुस्तकात हे शब्द वेगवेगळ्या प्रकरणांत ठेवलेले असतात, म्हणून त्यांची आपसातली भांडणं दिसत नाहीत. गच्चीवर दिसतात. एकाचं भलं करायला जावं तर दुसऱ्याच्या ताटातलं काढावं लागतं, आणि कॅमेरा घेतलेला माणूस जन्मभर हीच वाटणी करत बसतो. विकणारा मात्र दुकानात सगळंच एकदम देतो म्हणून सांगतो.

पहिला शब्द मिलिमीटर. गोटमारीत लेन्सचे मिलिमीटर म्हणजे दगडापासूनचं अंतर. २४ मिलिमीटरची लेन्स सगळं रुंद दाखवते, पण काही दिसायला हवं असेल तर नदीत उतरावं लागतं. म्हणून २४वाले पुढच्या वर्षी ७०-२०० घेऊन येतात. २००वाला कठड्याला टेकून चहा पितो. ४००वाल्याला चहाबरोबर पोहे मिळतात, कारण तेवढी मोठी नळी बाळगणारा माणूस मोठाच असणार, असा आमच्या घरातल्या बायकांचा हिशेब आहे.

दुरून लांब लेन्सने पाहिलं की पुढचं आणि मागचं एकमेकांना चिकटलेलं दिसतं. त्यात लेन्सची लबाडी नाही. तेवढ्या लांबून डोळ्यालाही तसंच दिसतं, फक्त डोळ्याला आजूबाजूची नदीही दिसत असते. पेपरातल्या फोटोत आजूबाजू कापलेली असते. मग दुसऱ्या दिवशी पुण्याच्या नातेवाइकाचा फोन येतो, ‘अहो, तुम्ही नदी नदी म्हणता, ही तर नाली दिसतेय!’ जाम नदीचा असा अपमान आम्ही दरसाल सहन करतो.

झूमचंही असंच. ऑप्टिकल झूममध्ये लेन्समधली काच खरोखर पुढेमागे सरकते. डिजिटल झूममध्ये काहीही सरकत नाही. फोटोचा मधला तुकडा कापून ताणतात आणि राहिलेल्या जागा अंदाजाने भरतात. माझ्या भाच्याचा मोबाइल शंभर पट झूम करतो. त्याने पलीकडच्या काठावरचा एक माणूस असा जवळ आणला, आणि तो कोण यावर गच्चीत दोन तट पडले. एक म्हणे तिकडच्या किराणावाल्याचा साळा, दुसरा म्हणे आपल्याच पोस्टमनचा पोरगा, तिकडे काय करून राहिला? भाचा एक पाऊल बाजूला सरकला तेव्हा कळलं की ती पाण्याची टाकी आहे. किराणावाल्याच्या साळ्यावरचा संशय मात्र काही जणांच्या मनातून अजून गेलेला नाही.

आता शटर स्पीड. हा शब्द आमच्याइतका कोणालाच कळलेला नसावा. दुकानदार सांगतो, ‘एक बटा चार हजारपर्यंत जातो सर.’ जातो, पण कशाला जातो? साधा हिशेब करा. जोरात मारलेला दगड सेकंदाला २५ मीटर गेला असं धरू, म्हणजे ताशी ९० किलोमीटर. आमच्या गल्लीतल्या मोटारसायकलींपेक्षा थोडा कमी. शटर सेकंदाचा तिसावा हिस्सा उघडं राहिलं तर तेवढ्यात दगड ८३ सेंटिमीटर पुढे जातो आणि फोटोत दगडाऐवजी राखाडी रेघ येते. अडीचशेवा हिस्सा ठेवला तर १० सेंटिमीटर. दगड आहे एवढं कळतं. हजारावा हिस्सा, तर अडीच सेंटिमीटर. चार हजारावा, तर जेमतेम ६ मिलिमीटर, आणि मग दगडाचे कंगोरे मोजता येतात. नदीत उभा असलेला माणूस हाच हिशेब कागदाविना करतो आणि मान खाली घालतो. त्याला छापून दाखवायचं नसतं, एवढाच फरक.

गंमत अशी की पेपरवाल्यांना थिजलेला दगड आवडतो आणि गावाला रेघ आवडते. हजाराव्या हिश्शातला दगड हवेत असा स्वस्थ टांगलेला दिसतो की माझ्या मोठ्या आईने पेपर डोळ्यांजवळ नेऊन विचारलं, ‘हा दगड खाली पडला का नाही रे मंग?’ तिसाव्या हिश्शातली रेघ पाहिली की विचारावं लागत नाही. मी मोठ्या आईच्या बाजूचा आहे. वेग दाखवायला वेग थोडा सांडू द्यावा लागतो, पण हे संपादकाला सांगणार कोण?

तर शटर हजारावर नेलं की दगड मिळाला, आणि उजेड गेला. अडीचशेच्या मानाने एक चतुर्थांशच उरला. तो आणायचा कुठून? एक दार अॅपर्चर. लेन्सच्या आतलं भोक. ते उघडलं की जास्त उजेड, मिटलं की कमी. इथवर सगळ्यांना समजतं. मग आकडे येतात आणि शहाणी माणसं वेडी होतात: एफ/२ मोठं भोक, एफ/१६ बारकं. भाच्याने मला विचारलं, ‘मामा, आकडा मोठा केला तं अंधार काहून होते?’ मी फोकल लेंग्थ (तेच ते लेन्सचे मिलिमीटर) भागिले व्यास वगैरे सुरू केलं. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ/२ वर २५ मिलिमीटरचं भोक, एफ/१६ वर तीन मिलिमीटरचं, म्हणजे उजेड ६४ पट कमी. भाचा मान डोलवत होता, पण डोळे नदीकडे. तेवढ्यात जिन्याच्या पायरीवर बसलेले शेजारचे काका म्हणाले, ‘अबे, संत्र्याच्या बगीच्यावानी हाये ते. दोन भावात वाटला तं अर्धा अर्धा. सोळा जनात वाटला तं सोळावा हिस्सा. खालचा आकडा वाढला का वाटा कमी.’ आणि थोडं थांबून, ‘जितके वारस, तितका अंधार.’ काकांच्या बगिच्याचा दावा कोर्टात बरीच वर्षं आहे. जगातल्या कोणत्याही कॅमेरा कंपनीने अॅपर्चर इतकं स्वच्छ समजावलेलं मी वाचलेलं नाही.

भोक मोठं केल्याची किंमत वेगळी. एका ठरावीक अंतरावरचंच स्पष्ट येतं, पुढचं-मागचं पुसट होतं. याला डेप्थ ऑफ फील्ड कमी होणं म्हणतात, आणि मागच्या पुसटपणाला आता बोके म्हणतात. हा जपानी शब्द आमच्याकडे लग्नाच्या फोटोग्राफरांमार्फत आला आणि सोबत कलह घेऊन आला. नवरी एफ/१.८ मध्ये लखलखीत, आणि तिच्या मागे ज्या मामाने बुंदीपासून बँडपर्यंतचा खर्च केला तो मलईत बुडालेला. मामाला सांगितलं, हे आर्टिस्टिक आहे. मामा म्हणाला, ‘खर्च पण मंग आर्टिस्टिकच करा लागत होता मले.’

मोबाइलच्या बारक्या लेन्सला असा पुसटपणा मनाजोगता जमत नाही, म्हणून तो हिशेबाने रंगवतो. त्याला पोर्ट्रेट मोड म्हणतात. कोणता भाग माणसाचा आणि कोणता मागचा, हे मोबाइल ठरवतो. माणसाच्या बाबतीत तो बरा चालतो. फार तर एखादा कान किंवा टोपीची कड मागच्यात जमा करतो. पोळ्याच्या दिवशी त्याची खरी परीक्षा. शिंगं रंगवलेली, बेगड लावलेली, गोंडे बांधलेले, डोक्यावर बाशिंग. भाच्याने पोर्ट्रेट मोडमध्ये आमच्या बैलजोडीचा फोटो काढला आणि डाव्या बैलाचं उजवं शिंग गायब. मोबाइलला ते शिंग मागच्या लिंबाच्या झाडाची फांदी वाटलं असावं. फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला आणि संध्याकाळपर्यंत तीन ठिकाणांहून विचारणा झाली की शिंग कशानं मोडलं. डॉक्टरला दाखवलं का?

बैलावरून आठवलं. कॅमेऱ्यातल्या ज्या एका गोष्टीबद्दल कोणी बोलत नाही आणि जिच्यापायी सगळ्यात जास्त फोटो बिघडतात, ती म्हणजे मीटर. उजेड मोजणारं यंत्र. या यंत्राची एक अंधश्रद्धा आहे: जग सरासरी करड्या रंगाचं आहे. पुस्तकात त्याला १८ टक्के करडा म्हणतात, म्हणजे पडलेल्या उजेडातला १८ टक्के परत पाठवणारा. बहुतेक दृश्यांत झाड, माती, माणूस, भिंत मिळून तेवढंच होतं, म्हणून मीटरचं निभतं. पण आमच्याकडचे बैल गौळाऊ जातीचे. वर्धा-नागपूरपासून छिंदवाड्या-शिवनीपर्यंतची ही जात, रंगाने पांढरी. पोळ्याला तर सकाळी नदीत घासून घासून धुतलेले. असा बैल चौकटभर घेतला की मीटर म्हणतं, अरे बापरे, फारच उजेड, आणि उजेड कापतं. बैल राखेच्या रंगाचा येतो. तेच काळी म्हैस चौकटभर घेतली की मीटर म्हणतं, किती हा अंधार, आणि उजेड वाढवतं. म्हैसही राखेच्या रंगाची. या यंत्राच्या राज्यात म्हैस आणि बैल यांच्यात फक्त शिंगांचा फरक उरतो, आणि तीही पोर्ट्रेट मोडने ठेवली तर.

उपाय सोपा आहे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन नावाचं अधिक-उणेचं बटण असतं. पांढऱ्याला अधिक एक करायचं, काळ्याला उणे एक. बुद्धीला उलटं वाटतं: आधीच पांढरा, त्यात आणखी उजेड? पण तुम्ही बैलाला पांढरं करत नसता, यंत्राचा गैरसमज काढत असता. रांगेत बसलेल्या धोतर-टोपीतल्या म्हाताऱ्यांचे फोटो मळकट का येतात, याचंही उत्तर हेच. धोब्याला उगाच बोल लावू नये.

पोळा अमावास्येला येतो, हे फोटोग्राफीच्या दृष्टीने पूर्वजांनी फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही. जोड्या फिरून घरी येईपर्यंत अंधार पडतो, आणि चंद्राचा पत्ता नसतो. इथे आयएसओ लागतो. पूर्वी फिल्मच्या डब्यावर १००, २००, ४०० लिहिलेलं असायचं. एकदा रोल घातला की छत्तीस फोटो तोच आकडा. आता बटणाने ६४०० करता येतो. लोकांना वाटतं, आयएसओ वाढवला की कॅमेऱ्यात जास्त उजेड येतो. उजेड तेवढाच येतो. आलेल्या संदेशाचा आवाज वाढवतात. कीर्तनाचा भोंगा मोठा केला की बुवांबरोबर मागचे खोकलेही मोठे होतात, हे गावाला सांगावं लागत नाही. फोटोतल्या या खोकल्यांना नॉइज म्हणतात: चेहऱ्यावर, आभाळात, सगळीकडे रंगीत वाळू.

मोबाइलला ही वाळू खपत नाही. तो ती पुसतो, आणि पुसता पुसता वाळू कोणती आणि सुरकुती कोणती हे त्याला कळत नाही. आमच्या मोठ्या आईचा बैलांना ओवाळतानाचा फोटो असाच पुसला गेला. सत्तरी ओलांडलेली बाई चाळिशीची झाली. तिने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘हे कोन बाई होय? अन् मायं लुगडं काहून नेसली हे?’ तिला सांगितलं की ही तूच. ती खूश होईल असा आमचा अंदाज होता. पण तिला वाईट वाटलं ते गोंदणाचं. कपाळावरचं गोंदण मोबाइलने डाग समजून साफ केलं होतं. लहानपणी रडून रडून घेतलेलं गोंदण.

रंगांच्या बाबतीत कॅमेरा मुळातच उदार मनाने अंदाज करतो. सेन्सरवरच्या प्रत्येक बारक्या खिडकीवर लाल, हिरवी किंवा निळी काच बसवलेली असते. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांच्या या रचनेला १९७६ साली पेटंट मिळालं, आणि अजून बहुतेक कॅमेरे तिच्यावरच चालतात. अर्ध्या खिडक्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. प्रत्येक खिडकीला एकच रंग दिसतो. उरलेले दोन ती शेजाऱ्यांना विचारून भरते. म्हणजे फोटोतला दोन तृतीयांश रंग ऐकीव असतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरून इतकं खरं चित्र उभं राहतं, यावर आमच्या गल्लीचा विश्वास बसत नाही. आमचा अनुभव वेगळा आहे.

त्यावर व्हाइट बॅलन्स. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा वाढला की निळेपणा वाढतो: साधा पिवळा बल्ब असतो साधारण २७०० केल्विनचा, दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास, आणि सावली त्याहून निळी. आपला मेंदू हे न सांगता जुळवून घेतो. कॅमेऱ्याला सांगावं लागतं, नाहीतर तो अंदाज करतो. पांढुर्णा-सौंसर भागात हा विषय थेट पैशाचा आहे, कारण आता संत्र्यांचे सौदे फोटोवर सुरू होतात. विकणारा संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली ढीग लावून फोटो पाठवतो. हिरवट आंबिया संत्रंही केशरी दिसतं. घेणारा म्हणतो, झाडाच्या सावलीतला पाठवा. सावलीत मात्र पिकलेलं फळही आजारी दिसतं. मग दोघं मिळून भावाचा मधला आकडा काढतात. व्हाइट बॅलन्स हा शब्द त्या दोघांपैकी कोणीही ऐकलेला नाही.

आता मेगापिक्सेल, ज्याच्यासाठी भाचा माझ्यासोबत नागपूरला सीताबर्डीला आला. दुकानदाराने ‘दोनशे मेगापिक्सेल’ असं म्हटलं आणि भाच्याच्या डोळ्यांत जे चमकलं ते लग्नातही चमकलं नव्हतं. आता या दोनशेचं होतं काय, ते ऐका. नेहमीच्या फोटोत फोन सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून एक करतो, कारण एकेकट्या पिक्सेलला पुरेसा उजेड मिळत नाही. दोनशेचे उरतात साडेबारा. आणि ४ बाय ६ इंचाचा फोटो चांगला छापायला लागतात जेमतेम दोन. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात सगळे मिळून १०,००० पिक्सेल होते, म्हणजे एका मेगापिक्सेलचा शंभरावा भाग. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक काळापांढरा फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. तेवढ्या वेळात गोटमारीत काय काय होऊन जातं!

सेन्सरच्या मापाची तर वेगळीच फसवणूक. ‘वन इंच सेन्सर’ म्हणून जो मिरवतात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजला तरी १६ मिलिमीटर. इंच असतो २५.४ चा. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीचं बाहेरून माप घ्यायचे, चित्र आत त्याहून लहान पडायचं; नळ्या गेल्या, माप राहिलं. असा इंच लावून कोणी आमच्याकडे कापड विकलं असतं तर त्याच्यासाठी पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली नसती.

भाच्याने दोनशेवालाच घेतला. हप्त्यावर. घरी आल्यावर पहिलं काम निघालं ते ऑनलाइन फॉर्मचं. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, तेव्हापासून कुठल्या ना कुठल्या कागदावर छिंदवाडा खोडून पांढुर्णा लिहायचं काम चालूच असतं. फॉर्मला फोटो लागत होता. भाच्याने नवा फोन काढला, पूर्ण दोनशे मेगापिक्सेलचा मोड लावला, अंगणातल्या सावलीत उजेड पाहून, काकांनी सांगितलेला वारसांचा हिशेब आठवत स्वतःचा फोटो काढून घेतला. आणि पोर्टलवर टाकला. पोर्टल म्हणालं, फाइल ५० केबीपेक्षा मोठी आहे.

तो बसस्टँडजवळच्या ऑनलाइन सेंटरवर गेला. तिथल्या पोराने फोटो उघडला, दोन वेळा दाबला, तीन वेळा दाबला, आणि वीस रुपये मागितले. भाचा म्हणाला, ‘अरे, याच्यात तं चेहराच नाही वयखू येऊन रायला.’ पोरगा पुढच्या गिऱ्हाइकाचा कागद घेत म्हणाला, ‘चेहरा कोन पायते भाऊ? साइज बसली ना.’